क्षमा करायची म्हणजे केस मागे घ्यायची का?

परतूरकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत, थोडा आवरून देतो.

"वडील वारल्यावर थोरल्या भावानं 'बँकेच्या कर्जाला लागतंय' म्हणून माझी सही नि अंगठा घेतला. ते हक्कसोडपत्र होतं, हे मला गेल्या दिवाळीत सातबारा काढला तेव्हा कळलं. माझ्या वाट्याची चार एकर गेली. मी दिवाणी दावा लावला. आता मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, वडीलजन म्हणतात, ख्रिस्ती माणसानं भावाला कोर्टात ओढू नये, क्षमा कर, नाहीतर देव तुझी प्रार्थना ऐकणार नाही. भाऊ दर रविवारी माझ्या दोन बाकं पुढं बसतो. सहा महिने मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षरस, घेतलेलं नाही. क्षमा केली असं प्रार्थनेत तीनदा म्हणून झालं, पण रात्री झोप लागत नाही. तो मेला तर बरं, असंही कधी मनात येतं. माझी क्षमा खोटी आहे का? केस मागे घेऊ का?"

ताई, जय ख्रिस्त. केस मागे घेऊ नका. निदान आज नाही, आणि कुणाच्या दडपणानं तर मुळीच नाही. कोर्टाची परवानगी न घेता मागे घेतलेला दावा त्याच कारणावर पुन्हा लावता येत नाही, हे तुम्हाला सल्ला देणाऱ्या वडीलजनांना ठाऊक नसेल, वकिलाला विचारून खात्री करा. शिवाय फसवणुकीनं झालेला दस्त रद्द करून मागायची मुदत, ती फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. तुम्ही ती पाळलीत, बरं केलंत. क्षमा मात्र करायची आहे. त्यातून तुम्हाला सुटका नाही आणि मलाही नाही. जालना, बीड, परभणी या पट्ट्यात एकतीस वर्षं पाळक (पास्टर) म्हणून काढली, आणि या एका विषयावर जेवढे चुकीचे सल्ले दिले तेवढे दुसऱ्या कशावर दिले नसतील. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दर रविवारी आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्या ओळीत आपल्या तोंडी क्षमा हा शब्द येतच नाही, हे कधी लक्षात आलंय का? "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण, म्हणजे देणं. भाषांतर करणाऱ्यांनी हे पदरचं घातलेलं नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक मजकुरातही तिथं देणं या अर्थाचाच शब्द आहे, आणि येशू बोलत असे त्या अरामी भाषेत कर्जाला नि पापाला शब्द एकच. ऐकणारे गालीलातले कोळी, कुळं, रोजानं जाणारे मजूर. कर्ज म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मराठवाड्यातल्या माणसालाही नाही. आमच्याकडचे कितीतरी उपदेश शहरातल्या पुस्तकांवरून उचललेले असतात. त्यांत क्षमा म्हणजे मन हलकं करणं, कटुता काढून टाकणं, असं काहीतरी निघतं. वाईट नाही ते, पण येशूनं दिलेला शब्द मनाचा नाही, खात्यावरचा आहे.

कर्जमाफी कशी होते ते तुम्ही पाहिलंय. २०१९च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. नंतर गावोगाव याद्या लागल्या. नाव, खातं, आकडा. मग सेवा केंद्रात जाऊन आधारवर अंगठा द्यायचा, आणि आकडा मान्य आहे का ते सांगायचं. मान्य नसेल तर तक्रार वर जायची. ज्याच्या खात्याचा आकडाच लागला नाही त्याला माफी मिळाली नाही. "तसं काही कर्ज नव्हतंच हो" असं म्हणून कुणाचं खातं कोरं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

तुमच्या बाबतीत मंडळीनं नेमकं हेच टाळलंय. आकडा मांडूच दिला नाही. "झालं गेलं", "भाऊच आहे", "जमीन काय वर घेऊन जायची आहे का" असं म्हणून आधीच पाटी पुसायला घेतली. पाटीवर काही लिहिलेलंच नसेल तर पुसणार काय? तुम्ही तीनदा क्षमा केली म्हणता आणि झोप येत नाही, त्याचं एक कारण मला हे दिसतं. तुम्ही जे सोडलं ते किती होतं, हे तुम्हाला अजून कुणी विचारलेलंच नाही.

म्हणून पहिलं काम सांगतो. मी हे पुष्कळांना करायला लावलंय. शंभर पानी वही घ्या. भावानं काय काय नेलं ते लिहा. चार एकर पहिल्या ओळीत येईल. तिथं थांबू नका. माझा अनुभव असा, की अशा प्रकरणांत जमिनीचा आकडा सगळ्यांत मोठा नसतो. सेलूकडच्या एक बाई अशीच वही घेऊन आल्या होत्या. पहिल्या पानावर दोन एकर आणि विहिरीतलं अर्धं पाणी. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, "नाताळची साडी." त्यांनी कज्जा केल्यापासून भावाकडून नाताळची साडी बंद झाली होती. माहेर गेलं होतं. ते वाचून दाखवताना त्या पहिल्यांदा रडल्या, विहिरीवर नाही. तुमच्याही वहीत माहेर येईल. वडिलांच्या आजारपणात तुम्ही केलेल्या खेपा येतील, आणि सही करताना भावाकडे पाहून मनात आलेला विश्वासही येईल, तो तर त्यानं आधी वापरून घेतला. सगळं लिहा. रागाच्या भरात जास्तीचं लिहिलं गेलं तर आठ दिवसांनी पुन्हा वाचून खोडा. हिशेब खरा हवा, फुगवलेला नको.

सोडणं म्हणजे काय, ते मला बीडकडे कळलं. तिथं असताना दिवाळीनंतर माझी निम्मी मंडळी ऊसतोडीला कारखान्यांवर जायची. उपासनेला म्हातारे नि शाळेची पोरं उरायची. उन्हाळ्यात सगळे परतले की बाकं भरायची. अशाच एका संध्याकाळी मत्तयाचा अठरावा अध्याय वाचत होतो, राजानं चाकराचं कर्ज सोडल्याचा दाखला. उचल म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला माहीत. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयत्यानं फेडायची, फिटली नाही तर बाकी अंगावर, पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडं. मागं बसलेल्या एका माणसानं विचारलं, "साहेब, राजानं सोडलं म्हणता. पर पैसा गेला कुठं? मुकादम उचल सोडतो म्हणला तरी ती कुणाच्या तरी बोकांडी बसतीच की. त्या राजाच्या बोकांडी बसली का?" मी म्हटलं, हो. तो जरा थांबून म्हणाला, "मंग त्येला लई लागलं आसंल."

त्यानंतर कितीतरी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावर बोललो. दर वेळी तो मागच्या बाकावरचा माणूस आठवतो. सोडलेलं देणं हवेत विरत नाही, सोडणारा ते स्वतः भरतो. संस्कृतातला क्षम् हा धातूही सोसण्याचा आहे. तेव्हा तुमच्याकडून क्षमा मागणाऱ्यांनी आधी एवढं ओळखायला हवं, की ते तुमच्याकडून एक मोठी रक्कम मागताहेत. प्रभूसाठी ती देता येते. पण मागायची रीत असते. दुसऱ्याच्या खिशात हात घालून दानधर्म करता येत नाही.

आता त्याच दाखल्याचं गणित मांडू, कारण उपदेशात ते नेहमी घाईनं उरकलं जातं. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार. पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. रोज चारशे रुपये धरला तर २,४०० कोटी. दुसरा एक चाकर या पहिल्याला देणं लागत होता शंभर दिनार, म्हणजे चाळीस हजार रुपये. पहिल्याला सगळं सुटलं, आणि त्यानं बाहेर जाऊन दुसऱ्याची नरडी धरली. उपदेशक इथं म्हणतात, पाहा, किती क्षुल्लक रकमेसाठी! मीही म्हणायचो. पण चाळीस हजार क्षुल्लक आहेत का? मजुरीवर जगणाऱ्याला विचारा. शंभर दिवस उन्हात राबल्याचे पैसे आहेत ते. येशूला वाटलं असतं तर त्यानं एक दिनार म्हटलं असतं. त्यानं शंभर म्हटलं. तुमचं जे गेलं ते खरं आहे, मोठं आहे, हे त्या दाखल्यातच मान्य केलेलं आहे. देवानं आपल्याला जे सोडलं त्याच्यापुढं ते लहान, एवढंच. नुसतं पाहिलं तर लहान नाही.

इथं एक गोष्ट तुम्हालाही बोचेल अशी सांगायला हवी. तो पहिला चाकरही कायद्यानंच गेला होता. देणं खरं होतं, तुरुंगात टाकायचा हक्क होता. तरी राजा चिडला. तेव्हा "कायदा माझ्या बाजूनं आहे" एवढ्यानं भागत नाही. मी अशा वेळी एकच विचारतो: तुम्हाला जमीन परत हवी आहे, की भाऊ देशोधडीला लागलेला हवा आहे? पहिलं मागणं म्हणजे न्याय मागणं. दुसरं म्हणजे नरडी धरणं. दावा एकच असतो, पण आत दोन्ही भरलेलं असू शकतं. पारखायची एक साधी जागा आहे. कुणीतरी तुम्हाला सुचवेल, "सोबत एक मारहाणीची तक्रार टाकू, दोन रात्री आत बसला की येतो ताळ्यावर." मारहाण झालेली नसेल तर तिथं नाही म्हणा. भावाच्या पोरीचं लग्न ठरत असेल आणि पाहुण्यांच्या कानावर घालायचा मोह झाला, तर तिथंही तोंड मिटून घ्या. पुष्कळांची क्षमा अशाच चार-पाच ठिकाणी हात आवरण्यातून सुरू होते. मनाला बरं वाटणं फार नंतर येतं, काहींना येतही नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. सेवेत येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मंडळीतली एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली. नवरा आला, रडला, माझ्यापुढं गुडघे टेकले. मी त्या बाईला "साताच्या सत्तर वेळा" वाचून दाखवलं, दोघांसाठी प्रार्थना केली आणि तिला परत पाठवलं. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. दीड महिन्यानं ती आली ती हात मोडून, गळ्यात बांधून. मी तिच्याकडून क्षमा मागून घेतली नव्हती, मी तिच्याकडून सुरक्षितता मागून घेतली होती आणि तिला क्षमेचं नाव दिलं होतं. पुढं बऱ्याच वर्षांनी, धीर करून, मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं चहा केला. म्हणाली, "तुमचं कवाच सोडलं, पाळकसाहेब. पण सल्ला इचारायला आता तुमच्याकडं येणार नाही." आणि आली नाही. मला त्यात काही खोट दिसत नाही. तिनं मला पूर्ण क्षमा केली होती. विश्वास तिनं दिला नाही, कारण तो मी मोडला होता आणि जोडण्याचं काम माझं होतं.

हे तुमच्या प्रश्नाला लागू पडतं. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघे लागतात, आणि त्यातल्या फसवणाऱ्यानं आधी हलावं लागतं. याकोब आणि एसाव आठवा. वाटणीचंच भांडण, थोरल्या एसावाला धाकट्या याकोबानं फसवलेलं. वीस वर्षांनी याकोब परतला तो मोकळ्या हातानं नाही. शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गायी, गाढवं मिळून साडेपाचशे जनावरं पुढं पाठवली, उंटांची पिल्लं वेगळी. लंगडत आला आणि सात वेळा जमिनीपर्यंत लवला. एसाव धावत गेला, गळ्यात पडला, दोघे रडले. चित्रात इथंच थांबतात. पुढचं वाचा. एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, तू हो पुढं, मी येतो मागून, आणि तो सुक्कोथला गेला, भावाकडे गेलाच नाही. पुढं दोघे एकत्र दिसतात ते बाप इसहाक याच्या मातीला. पवित्र शास्त्र त्यांच्या या अंतराबद्दल त्यांना बोल लावत नाही. भाऊ सुखरूप असावा, आपलं बरं चालावं, आणि बांध वेगळा असावा. कधी कधी एवढंच होतं, आणि तेही थोडं नाही.

आता वडीलजनांच्या वचनांकडे येतो. ते प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दाखवत असतील: भाऊ भावावर फिर्याद करतो, तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढं, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? वचन खरं आहे, मी त्याला फाटा देणार नाही. पण पौल त्याच्या आधीच्या ओळीत मंडळीला विचारतो, भावाभावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? आणि नंतरच्या ओळीत फसवणाऱ्याला झापतो, तुम्ही अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. मग ज्यांना हे वचन वापरायचं आहे त्यांनी ते सगळं वापरावं. भावाला बोलवावं, हक्कसोडपत्राची नक्कल, फेरफार नि सातबारा टेबलावर ठेवावा, आणि विचारावं, हे कसं झालं? तुमच्या मंडळीत असं झालं असेल तर मला कळवा, मी माझे शब्द मागे घेईन. बहुधा झालेलं नसतं. भावाला विचारायचं धाडस होत नाही, म्हणून बहिणीला समजावलं जातं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, ख्रिस्ती लेकीला लेकाइतकाच वाटा देतो. एवढ्या जुन्या कायद्याची आठवण आमच्या मंडळ्यांना फक्त लेकाच्या वेळी का होते, कुणास ठाऊक.

"ख्रिस्ती माणसाचा कोर्टाशी काय संबंध" असं म्हणणाऱ्यांना आपल्या जिल्ह्याचा इतिहासही सांगावासा वाटतो. जालन्याजवळ बेथेलची वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री यांनी १८४३मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच साली ख्रिस्ती व्हायला निघालेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या हुकुमानं वडिलांकडे परत गेला. आपल्या इकडच्या मंडळीच्या मुळाशीच भावांची अशी एक ताटातूट आहे. आणि पौलानं तरी काय केलं? फिलिप्पैत बेकायदा फटके मारून अधिकारी गुपचूप सोडायला लागले, तेव्हा तो म्हणाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. पुढं त्यानं कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव अशा वेळी हमखास घेतलं जातं, म्हणून तेही नीट घ्यावं. १९९९च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमथी ही दोन लहान मुलं गाडीत जाळली गेली. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली, जाहीरपणे. खटला मात्र चालला, मुख्य आरोपी दारा सिंहला शिक्षा झाली, आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची जन्मठेप कायम ठेवली. त्या बाईंची क्षमा त्यामुळे उणी झाली असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग परतूरच्या बहिणीची कशी होते?

गावातले इतर लोक तुम्हाला नाथमहाराजांची गोष्ट सांगत असतील. पैठण जवळच आहे, इकडं ती सगळ्यांच्याच ओठावर असते. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक माणूस थुंकत राहिला, नाथ १०८ वेळा पुन्हा नदीत उतरले आणि एकदाही रागावले नाहीत. मला ती गोष्ट आवडते, उपदेशातही सांगितली आहे. पण तिच्यात घाटावर उभं राहून "नाथ, होऊ द्या आणखी एकदा" म्हणणारे पंच नाहीत. नाथ आपल्या पायांनी नदीत उतरतात.

मत्तय ६:१५ तुम्हाला भिववण्यासाठी वापरलं गेलंय: तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. हे वचन मी सौम्य करून सांगणार नाही, येशूनं ते सौम्य सांगितलेलं नाही. मात्र "करणार नाही" आणि "होत नाही" यांत फरक आहे. जो म्हणतो "मेलो तरी सोडणार नाही", त्याच्यासाठी ते वचन आहे. जी बाई तीनदा प्रार्थना करून, झोप न लागल्यामुळे स्वतःलाच खोटी ठरवते, ती त्या रांगेत बसत नाही.

तो मेला तर बरं, असं मनात येतं म्हणालात. लिहिलंत, ते फार बरं केलंत. स्तोत्र १०९ काढून वाचा, त्याचे दिवस थोडे होवोत, अशी प्रार्थना तिथं जशीच्या तशी आहे. ती शास्त्रातून कुणी काढून टाकली नाही. ती देवापुढं म्हटली गेली आणि देवाजवळच राहिली, हातात कोयता घेतला गेला नाही. मोठ्यानं वाचा. वाचून झालं की भावाचं नाव घेऊन एक वाक्य म्हणा: याचं मी तुझ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी परत मनात येईल, परत द्या. राग हंगामी असतो हेही लक्षात ठेवा. मृगाचा पाऊस पडून तुमच्या चार एकरात भाऊ पेरायला उतरला की तो उसळून येईल, सोयाबीन काढणीला येईल, नाताळला येईल. एखाद्या जूनमध्ये तो जरा कमी आला, असं कधीतरी ध्यानात येतं. त्या आधी कुणी "झाली का क्षमा?" असं विचारायला लागलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

प्रभुभोजनाबद्दल. सहा महिने तुम्ही मागं बसता आणि तो पुढं जाऊन घेतो, हे वाचून मला वाईट वाटलं, कारण हे उलटं आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करायला जायला सांगितलंय ते कुणाला? "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" अशी ज्याला आठवण होते त्याला. म्हणजे ज्यानं दुखावलं त्याला. बाकावरून उठायचं ते त्यानं. तुम्ही येत्या प्रभुभोजनाला पुढं या. हात रिकामे घेऊन या, ते तसेच आणायचे असतात.

नंतर, वही पुरी झाल्यावर, भावाकडे एकदा जा. मत्तय १८:१५ सांगतं तसं आधी एकट्यानं, त्याच्या दारात, मंडळीच्या आवारात नको. वहिनींच्या देखत नको, त्यांच्यापुढं त्याला मान खाली घालता येणार नाही. वाद घालू नका. त्यानं काय केलं ते दोन-तीन वाक्यांत सांगा: दादा, बँकेचं म्हणून सही घेतलीस, ते हक्कसोडपत्र होतं, माझा वाटा गेला. मग सांगा, की मी तुझं वाईट मागत नाही, पण माझं मागते. आणि उठून या. त्यानं ऐकलं तर समेट तोंडी ठेवू नका, लोकअदालतीत मांडून घ्या. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमनाम्याइतकाच पक्का असतो, आणि केस तिथंच मिटते. त्यानं दोन एकर देतो म्हटलं आणि तुम्हाला माहेर टिकवायला उरलेले दोन सोडावेसे वाटले, तर सोडा. ते सोडणं तुमचं असेल, अंगठा कशावर देतोय ते माहीत असताना दिलेलं. त्यानं दार लावून घेतलं तर पुढच्या वेळी एक-दोन साक्षीदार घेऊन जा. कुणी बरोबर यायला तयार नसेल तर मला सांगा. गुडघा दुखतो, पण बसनं येईन, सोमवार सोडून कधीही.

तोपर्यंत सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून ठेवा आणि त्यावरचा फेरफार क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.